प्रतीत दाखवल्याप्रमाणे

वेबसाईट बांधायच्या आधी तिचं नुसतं चित्र काढतात, आणि त्या चित्रातलं काहीही खरं नसतं, ही गोष्ट फ्रेमवाल्यांच्या डोक्यात वेळेवर शिरली असती तर कुंडी, कुत्रा आणि मास्तर हे तिघं दुकानात मुक्कामाला आले नसते. पण फ्रेमवाल्यांचं डोकं सागवानी. एकदा खिळा बसला की बसला. काढायला जाल तर लाकूड फाटेल, खिळा निघणार नाही.

फ्रेमवाले गल्लीच्या तोंडाशी बसून लोकांच्या फोटोंना चौकटी करून द्यायचे. दुकान एवढंसं. एक कापायचं टेबल, भिंतीवर लाकडी पट्ट्यांचे तुकडे ओळीने टांगलेले, आणि काच कापायचा हिरा सुतळीने टेबलाच्या पायाला बांधलेला. बांधलेला का, तर एकदा तो हरवला तेव्हा फ्रेमवाल्यांनी घरात सगळ्यांवर संशय घेतला, बायकोशी दोन दिवस अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी तो त्यांच्याच खिशातून निघाला. माफी त्यांनी मागितली नाही. हिरा बांधून ठेवला. त्यांच्या हिशेबी तीच माफी.

आता गोची अशी की त्यांच्या साडूने हमरस्त्यावर तयार प्लास्टिक फ्रेमांचं शोरूम काढलं होतं. लोक आत जायचे, फोटो फ्रेममध्ये कोंबायचे, दोन मिनिटांत बाहेर. इकडे फ्रेमवाले माशा मारत बसलेले. एक दिवस साडू मनाचा मोठेपणा घेऊन घरी आला.

"साडूभाऊ, कशाला धूळ खात बसताय? पहिल्या तारखेपासून आमच्याकडे या. काउंटर सांभाळा. एसी आहे."

आणि जाताना युनिफॉर्मची लाल टोपी ठेवून गेला. फ्रेमवाल्यांच्या बायकोने ती कपाटावर ठेवली. फ्रेमवाले जेवायला बसले की टोपी वरून त्यांच्या ताटात बघायची.

"अहो, घालून तरी बघा," बायको म्हणाली.

"ज्या दिवशी ती टोपी माझ्या डोक्यावर चढेल ना, त्या दिवशी मलाच चौकटीत घालून भिंतीवर टांगा," फ्रेमवाले म्हणाले आणि भात अर्धा टाकून उठले. पाच मिनिटांनी परत बसले, कारण भूक होती.

तर अशा वेळी सरकारी वाचनालयाची जाहिरात आली. दोनशे चाळीस जुने फोटो, सगळ्यांना नव्या चौकटी, लाकडी. हे काम मिळालं तर दुकान तरतं. नाही मिळालं तर पहिली तारीख, एसी आणि टोपी. फ्रेमवाल्यांनी अर्ज आणला, सुवाच्य अक्षरात भरला, आणि अकराव्या रकान्यात अडकले. तिथे लिहिलं होतं: संस्थेचे संकेतस्थळ. पहिल्या पानाची छापील प्रत जोडावी.

"वेबसाईट पाहिजे म्हणतायत," बायको म्हणाली. "माझी भाची करते ना त्या."

भाची खरंच करायची. हुशार पोरगी, बोलायची भराभर, आणि मोठ्यांनी मूर्खपणा केला की आधी तीन आकडे मोजायची. फ्रेमवाल्यांच्या वाट्याला तिने त्या महिन्यात एवढे आकडे मोजले की शाळेतल्या गणिताच्या बाईंना आनंद झाला असता. ती लॅपटॉप घेऊन दुकानात आली, काय हवं नको विचारून गेली, आणि चार दिवसांनी एक चित्र घेऊन आली.

"काका, हा मॉकअप आहे. म्हणजे वेबसाईट नाही. वेबसाईट कशी दिसेल त्याचं चित्र."

"वा!" फ्रेमवाले म्हणाले. "झाली की!"

"नाही झाली. हे चित्र आहे. यावर आपण भांडायचं. हे बदल, ते हलव, सगळं आत्ता सांगायचं. चित्रात भिंत पाडायला हातोडा लागत नाही. एकदा बांधायला घेतली की मग लागतो."

चित्र देखणं होतं, खोटं का बोला. एक झकास दुकान. पिवळी धमक भिंत, कोपऱ्यात छातीएवढ्या उंचीची कुंडी, भिंतीवर घड्याळ. मधोमध खुर्चीत पांढऱ्या दाढीचे, गोल चष्म्याचे एक गृहस्थ हातात कॉफीचा मग धरून उगाच हसत बसलेले. पायाशी कुत्रा. मागे टेबलावर वाकून काम करणारा एक कारागीर, त्याचा चेहरा दिसत नव्हता, नुसती लाल टोपी दिसत होती. वर मोठ्या अक्षरांत: इथे तुमचं घोषवाक्य येईल. खाली दोन चौकोन: समाधानी ग्राहक एक, समाधानी ग्राहक दोन.

"हे म्हातारबा कोण?" फ्रेमवाल्यांनी विचारलं.

"कुणी नाही. फुकटचा फोटो आहे, इंटरनेटवरचा. जागा धरून ठेवलीय. बसमध्ये रुमाल टाकतो ना, तसं. नंतर तुमचा फोटो आला की हा उठेल."

फ्रेमवाल्यांनी मान डोलवली. पण टोपीकडे बघून त्यांनी उगाच स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला.

मग त्यांनी जे केलं ते दुसऱ्या कुठल्याही दुकानदाराने केलं नसतं. जन्मभर लोक त्यांच्याकडे चित्रं घेऊन आले, आणि जे चित्र दुकानात आलं ते पूर्णच असायचं. अर्धवट चित्राला कोण चौकट करतं? त्यांनी भाचीकडून मॉकअपची रंगीत प्रिंट काढून घेतली, अक्रोडी पट्टी कापली, काच बसवली आणि दुकानात दर्शनी भागात टांगली. खाली चिठ्ठी: आमची वेबसाईट.

झालं. गल्लीला तेवढंच पाहिजे होतं.

सगळ्यात आधी समोरचे टेलर आले. गळ्यात टेप तशीच. त्यांनी चित्र लांबून पाहिलं, जवळून पाहिलं, टेप काढून मोजलंसुद्धा.

"वरचा पट्टा ढगळ झालाय फ्रेमवाले. अर्धा इंच आत घ्यायला सांगा. आणि हे घोषवाक्याचं खांद्यावर ओढतंय."

मग मास्तर. मास्तर म्हणजे निवृत्त हेडमास्तर. रोज सकाळी फ्रेमवाल्यांच्या दुकानात येऊन फुकट पेपर वाचायचे आणि वाचून झाल्यावर पेपराला मार्क द्यायचे. गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शिकवलेलं, उरलेल्यांना शिकवायला मिळालं नाही याची खंत. त्यांनी खिशातलं लाल पेन काढलं, काच आहे हे लक्षात आल्यावर हिरमुसले.

"ठीक आहे. साठ टक्के. पण हा मालक चांगला घेतलाय हं. चेहऱ्यावर विद्वत्ता आहे."

मास्तरांना पांढरी दाढी होती. चष्माही गोलच. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही.

गिऱ्हाईकंही यायला लागली, पण कामासाठी नाही. चित्रात खाली निळं बटण होतं, ऑर्डर करा म्हणून. माणसं येऊन ते बटण दाबायची. काचेवर अंगठा ठेवायची आणि वाट बघायची. एक आजोबा पाच मिनिटं दाबत उभे होते, शेवटी म्हणाले, "स्लो आहे." फ्रेमवाले दिवसातून चार वेळा काच पुसायचे. आधी मऊ फडक्याने, मग दात खाऊन.

फ्रेमवाल्यांची स्वतःची तक्रार वेगळीच. भाचीला त्यांनी फोन करून सांगितलं, "बाळा, बाकी उत्तम, पण खालचा समास वरच्यापेक्षा जास्त पाहिजे. नाहीतर चित्र घसरल्यासारखं दिसतं. अठ्ठावीस वर्षं हेच करतोय मी."

"काका, वेबसाईटला खाली असं नसतं. ती सरकवत राहायची."

"तळच नाही?"

"नाही."

"तळ नसलेलं चित्र," फ्रेमवाले कितीतरी वेळ स्वतःशीच म्हणत बसले. फोन चालूच होता. पलीकडे भाचीने तीन आकडे मोजले आणि ठेवून दिला.

इथपर्यंत सगळं खपून गेलं असतं. पण अर्जाची मुदत आली, वेबसाईट अजून झालेली नव्हती, आणि फॉर्ममध्ये काय म्हटलं होतं? छापील प्रत जोडावी. प्रत तर होतीच. फ्रेमवाल्यांनी मॉकअपची आणखी एक प्रिंट काढली, अर्जाला टाचणी लावली आणि वाचनालयाच्या कचेरीत खिडकीत सरकवली. भाचीला सांगितलं नाही. कशाला उगाच पोरीला आकडे मोजायला लावा?

खिडकीतल्या बाईंनी प्रत पाहिली. पहिल्यांदाच त्यांना अर्जात बघण्यासारखं काही मिळालं असावं.

"छान आहे हो दुकान," त्या म्हणाल्या आणि म्हाताऱ्याच्या दाढीवर धाडकन शिक्का मारला. 'पाहिले' असा.

आठ दिवसांनी पत्र आलं. फ्रेमवाल्यांनी उभ्यानेच फोडलं. शेवटच्या दोघांत त्यांचा अर्ज होता! बायकोने हात जोडले. मग पुढचं वाक्य वाचलं: आस्थापना प्रतीत दाखवल्याप्रमाणे प्रत्यक्षात आहे किंवा कसे, याची पाहणी करण्यासाठी तपासनीस शुक्रवारी येतील. तफावत आढळल्यास अर्ज बाद.

फ्रेमवाल्यांनी भिंतीवरच्या चित्राकडे पाहिलं. मग दुकानाकडे पाहिलं. भिंत राखाडी. कुंडी नाही. कुत्रा नाही. खुर्ची होती, पण तिचा एक पाय विटेवर.

भाची धावत आली. "काका! तुम्ही मॉकअप जोडलात? अहो त्यातला माणूससुद्धा आपला नाही!" या वेळी तिने आकडे मोजले नाहीत. वेळच नव्हता. "थांबा. दोन मिनिटांत तुमचा फोटो टाकते, दुकानाचा फोटो टाकते, नवी प्रिंट देऊन येऊ."

दोघं खिडकीवर गेले. बाई डबा बंद करत होत्या.

"बाई, ती प्रत बदलून देता का? त्यात थोडं... म्हणजे बरंच... ते नुसतं चित्र आहे हो."

"शिक्का बसला ना?"

"बसला."

"शिक्का बसला की ते चित्र राहत नाही. कागदपत्र होतं." बाईंनी डब्याला रबर लावलं. "कागदपत्रात बदल करायचा तर नवा अर्ज. नव्या अर्जाची मुदत गेल्या आठवड्यात संपली."

"मग आम्ही काय करायचं?" भाचीने विचारलं.

बाईंना खरंच दया आली. त्या खिडकीतून जरा पुढे वाकल्या. "दुकान बदला. त्याला अर्ज लागत नाही."

येताना भाची वाटेत एकदाच थांबली आणि म्हणाली, "मॉकअप कशासाठी असतो माहितीये काका? खरी गोष्ट बदलावी लागू नये म्हणून." फ्रेमवाले पिवळ्या रंगाचा डबा केवढा लागेल याचा विचार करत होते.

मंगळवार होता. हातात तीन दिवस.

बायकोने सूत्रं हाती घेतली. या बाईला घरात कुणी कधी सूत्रं दिली नव्हती, ती दर वेळी तिने घेतलीच होती. रंगारी बोलावला. त्याच्या हातात चित्र दिलं आणि बजावलं, "हे बघा, जसंच्या तसं पाहिजे. तुमचं डोकं चालवायचं नाही." रंगाऱ्याने डोकं चालवलं नाही. संध्याकाळी भिंत पिवळी धमक झाली होती आणि तिच्यावर फूटभर उंचीच्या सुबक निळ्या अक्षरांत लिहिलेलं होतं: इथे तुमचं घोषवाक्य येईल.

फ्रेमवाले मटकन विटेच्या खुर्चीवर बसले. वीट निसटली.

"पुसू का?" रंगाऱ्याने विचारलं.

"खबरदार!" बायको म्हणाली. "प्रतीत आहे ते."

दुसऱ्या दिवसापासून येणारा जाणारा विचारायला लागला. कधी येणार? कुठून येणार? एकीने तर आठ दिवस आधी कळवा म्हणून फोन नंबर लिहून दिला.

कुंडी टेलरने दवाखान्यातून आणली, उसनी. तिच्यावर 'थुंकू नये' लिहिलेलं होतं, ते भिंतीकडे फिरवलं. घड्याळ घरचं. चित्रात दहा वाजून दहा मिनिटं झालेली, म्हणून बायकोने काटे तिथे नेऊन सेल काढून टाकला. कुत्र्याचं मात्र जमेना. चित्रातला कुत्रा तगडा, तांबूस, भारदस्त. टेलरचा कुत्रा म्हणजे मूठभर, काळा, आणि जगावर चिडलेला.

"लांबून बघितला तर मोठा वाटेल," टेलर म्हणाले.

"लांबून बघायला दुकान आहे कुठे एवढं?"

"मग त्याला पुढे बसवू. जवळची वस्तू मोठी दिसते. ट्रायलला आणतो." आणि जाता जाता, "बरं, समाधानी ग्राहक एक मी हां. आमची ही दोन." यावर टेलरच्या बायकोने समोरच्या दुकानातून विचारलं की लग्नाला वीस वर्षं झाली तरी तीच का दोन. तो विषय त्यांच्या घरी अजून मिटलेला नाही.

राहता राहिला मालक.

सगळ्यांच्या नजरा हळूहळू मास्तरांकडे वळल्या. मास्तर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. पांढरी दाढी, गोल चष्मा.

"मला असं वाटलंच होतं," मास्तर म्हणाले. "पहिल्याच दिवशी वाटलं होतं."

"मास्तर, नुसतं बसायचं. मग धरायचा, हसायचं. बोलायचं नाही," फ्रेमवाल्यांनी विनवलं.

"अरे, पस्तीस वर्षं शाळा चालवली मी. तुझं दहा बाय बाराचं दुकान चालणार नाही मला?" म्हणत मास्तरांनी खुर्ची वळवून घेतली, आणि पहिला हुकूम सोडला. "तो हिरा असा लोंबत ठेवू नकोस. बेशिस्त दिसतं."

फ्रेमवाल्यांनी ओठ चावला. रुमाल टाकला होता जागा धरायला, आणि आता रुमालच सांगत होता, जरा सरकून बसा.

"आणि मी कुठे?" त्यांनी हळूच विचारलं.

बायको घरात गेली आणि कपाटावरून टोपी घेऊन आली. टेलरने टोपीवरच्या शोरूमच्या खुणेवर लाल कापडाचा तुकडा टाके घालून बसवला. फ्रेमवाले टोपीकडे बघत राहिले. टोपी त्यांच्याकडे बघत राहिली. अख्ख्या गल्लीत लाल टोपी एकच होती, आणि अख्ख्या गल्लीत फ्रेम करता येणारा माणूसही एकच होता.

"दहा मिनिटांचा प्रश्न आहे हो," बायको एकदम मऊ आवाजात म्हणाली. "नाहीतर पहिल्या तारखेपासून रोजचीच आहे."

फ्रेमवाल्यांनी टोपी घातली. मापात बसली, हे सगळ्यात वाईट.

शुक्रवारी तपासनीस आला. बारीक माणूस, काखेत फाईल, चेहऱ्यावर कुठलाच भाव नाही. तो दारात उभा राहिला, प्रत डोळ्यांसमोर धरली, एक डोळा मिटला. एकदा प्रत, एकदा दुकान. आत सगळे श्वास रोखून. मास्तर मग धरून हसत होते. इतके हसत होते की गाल थरथरत होते.

"भिंत, पिवळी. आहे. कुंडी. आहे. मजकूर..." त्याने भिंतीवरचं मोठ्याने वाचलं, प्रतीतलं मोठ्याने वाचलं. "शब्दशः आहे." टिक केली. मग मनगटावर पाहिलं. पावणेचार. भिंतीवर दहा वाजून दहा. प्रतीत दहा वाजून दहा. "घड्याळ बरोबर आहे," तो म्हणाला आणि स्वतःचं घड्याळ कानाला लावून बघितलं.

"कुत्रा." काळा कुत्रा गुरगुरला. तपासनीसाने लिहिलं: कुत्रा नमुन्यापेक्षा लहान, परंतु आहे.

"ग्राहक एक?"

"मी!" टेलर म्हणाले. "समाधानी."

"कारागीर, लाल टोपी." फ्रेमवाले टेबलावर आणखी वाकले. "आहे. मालक?"

"उपस्थित," मास्तर म्हणाले. सवय जात नाही.

तपासनीसाने दाढी ताडून पाहिली, चष्मा ताडून पाहिला. टिक. फाईल मिटली. फ्रेमवाल्यांनी तीन दिवसांत पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. आणि तेवढ्यात त्या माणसाने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक जुनी फ्रेम काढली.

"मालक, हे कामाचं नाही, माझं घरचं आहे. आईचा फोटो. काचेला आतून डाग पडलेत. कशामुळे हो?"

आता मास्तरांनी पस्तीस वर्षांत 'मला माहीत नाही' हे वाक्य एकदाही उच्चारलेलं नव्हतं. विद्यार्थी चुकतात, हेडमास्तर चुकत नाहीत. त्यांनी मग खाली ठेवला. "सोपं आहे. फोटो आणि काच यांच्यात हवा राहिलीय. हवेमुळे हे होतं. फोटोला मागून चांगला गोंद लावायचा आणि काचेवर घट्ट दाबून बसवायचा. वाचनालयाचे सगळे फोटो आम्ही असेच चिकटवणार आहोत."

मागे टेबलावर काहीतरी आपटल्याचा आवाज झाला.

"चिकटवणार?" लाल टोपी वर झाली. "चिकटवणार? अहो मास्तर, काय बोलताय! काचेला चिकटवलेला फोटो म्हणजे मेलेला फोटो!"

"अहो..." बायको म्हणाली.

"तू थांब!" फ्रेमवाल्यांनी टोपी काढून टेबलावर आपटली आणि पुढे येऊन तपासनीसाच्या हातातली फ्रेम घेतलीच. "दाखवा इकडे. बघा, कुणीतरी घाईत काचेला टेकवून बसवलाय. दमट हवेत काचेला आतून ओल धरते, फोटोचा मसाला काचेला चिकटतो. हा डाग काचेवरचा नाही साहेब. आईच्या पदराचा रंग आहे हा, काचेने ओढून घेतलेला. मध्ये जाड कागदाची खिडकी लागते, माउंट म्हणतात त्याला. फोटो आणि काच यांची गाठ पडता कामा नये. दोनशे चाळीस फोटो चिकटवले तर दोनशे चाळीस माणसं दुसऱ्यांदा मारल्याचं पाप!" बोलता बोलता त्यांनी फ्रेम पालथी घातली, मागचे खिळे एकेक उपसले, पातळ सुरी घेतली आणि श्वास धरून फोटोची कड काचेपासून सोडवायला लागले. कुत्रासुद्धा गप्प. कोपरा सुटला, मग कड, मग एक कान, मग अख्खा चेहरा. पदराचा जरासा तुकडा काचेवर राहिला, पण बाई सुटल्या.

तपासनीसाने फोटो दोन्ही हातांनी घेतला. मग त्याने विचारलं, "मालक कोण?"

फ्रेमवाल्यांनी दुकानाकडे पाहिलं. टोपीकडे पाहिलं. "मी," ते म्हणाले. "दुकान माझं. हे मास्तर पेपर वाचायला येतात. भिंत परवा रंगवली. कुंडी दवाखान्याची. घड्याळात सेल नाही."

"आणि वेबसाईट झालेलीच नाहीये," भाचीनेही सांगून टाकलं. "तो मॉकअप आहे. नमुना. चूक आधी कळावी म्हणून करतात."

बायकोने डोळे मिटले. टेलर हळूच म्हणाले, "मी मात्र खरंच समाधानी आहे हां."

तपासनीसाने फाईल उघडली. पेनाचं टोपण काढलं, लावलं, परत काढलं.

"असं आहे," तो म्हणाला, "वेबसाईट बघायचा माझ्या तक्त्यात रकाना नाही. प्रत आहे का, आहे. प्रतीतला मालक दुकानात आहे का, आहे. तो खरा मालक आहे का, असा रकाना नाही. प्रत बदलायची तर अर्ज बाद. मालक बदलायला..." त्याने कागद उलटसुलट केला, "काहीच लागत नाही." मग तो खाली बघत बराच वेळ काहीतरी लिहीत बसला. उठताना आईचा फोटो फ्रेमवाल्यांच्या हातात दिला. "ही खिडकीवाली करून ठेवा. सावकाश."

काम मिळालं. आदेश आला तेव्हा बायकोनेच वाचला. वाचनालयाच्या दोनशे चाळीस चौकटींचं काम या दुकानास देण्यात येत आहे. आस्थापना काम संपेपर्यंत प्रतीत दाखवल्याप्रमाणेच ठेवावी. आणि खाली, पेनाने लिहिलेली एक विशेष अट: सर्व काम लाल टोपीतील कारागिरानेच करावे. मालकांनी कशालाही हात लावू नये.

त्यामुळे आता असं आहे की मास्तर रोज दहाला येतात, खुर्चीत बसतात आणि हात न लावता दुकान चालवतात. कुंडीला पाणी घालायला दवाखान्यातला माणूस येतो. घड्याळात सेल घालायला बंदी आहे. कुत्र्याने टेलरचं घर सोडलं. भाचीने शेवटी वेबसाईट पूर्ण केली. खरे फोटो हवेत म्हणून कॅमेरा घेऊन आली, दारात उभी राहिली आणि मोठ्याने हसत सुटली. पिवळी भिंत, मास्तर, मग, कुत्रा, मागे वाकलेली टोपी.

"काका," ती डोळे पुसत म्हणाली, "इतक्या वेबसाईट केल्या, पण मॉकअपशी तंतोतंत जुळणारी ही पहिलीच."

"खालचा समास वाढवलास का?" फ्रेमवाल्यांनी मान वर न करता विचारलं.

पहिल्या तारखेला साडू आला. पायरीवरच थबकला. भिंत वाचली, मास्तरांना नमस्कार केला, आणि मग त्याची नजर मागे गेली.

"साडूभाऊ, नाही येणार म्हणालात, ठीक आहे. पण टोपी तेवढी परत द्या. शोरूमच्या मोजणीत एक कमी भरतेय."

फ्रेमवाले एका जुन्या फोटोसाठी माउंट कापत होते. त्यांनी काप पुरा केला, सुरी खाली ठेवली, टोपी दोन्ही हातांनी नीट सरळ केली.

"शिक्का बसलाय तिच्यावर," ते म्हणाले. "अर्ज करा."